अण्णा, एका गाण्याला किती शेवट?

माणिकअण्णा,

तुम्ही गेलात, त्याचं नीट दुःख करायला मला अजून सवड मिळालेली नाही. फोन थांबतील तर ना! सकाळी दुकानाचं कुलूप काढलं की मुडबीचा फोन, दुपारी जेवायला बसलं की औरादकडचा. सगळ्यांचं विचारणं एकच. ‘मुनीम, गाण्यात कडवं आमचंच घालणार न्हवं?’ माणूस गेल्यावर लोक त्याच्या जवळच्यांचं सांत्वन करतात. माझ्याशी भांडतात. हे भांडण तुम्ही लावून गेला आहात, एवढं मला इथं स्वच्छ लिहून ठेवायचं आहे.

हे वाचणाऱ्यांतल्या काहींनी तुम्हाला ऐकलं नसेल. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणिकअण्णा म्हणजे बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरच्या गावागावांत तुणतुण्यावर गाणारा माणूस. लग्न, बारसं, जत्रा, उरूस, बोलावलं की निघाले. गाणी सगळी स्वतःची. भाषा मराठी, पण मध्येच कानडी नाहीतर हैदराबादी उर्दू जिथं बसेल तिथं बसवलेली. कागदावर एक ओळ कधी उतरवली नाही. मी कमलनगरला आडत दुकानात मुनीम आहे. तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांची वजनं लिहून घेणं हा माझा पोटाचा धंदा. ढोलकी हा तुम्ही गळ्यात बांधलेला दुसरा. मिसरूड फुटायच्या आधी तुमच्या शेजारी बसलो तो तुम्ही जाईपर्यंत उठलो नाही. त्यामुळं तक्रार करायचा हक्क मला जितका आहे तितका दुसऱ्या कुणाला नाही, अक्का सोडल्या तर. अक्का म्हणजे तुमच्या मंडळी. त्यांचं पुढं येईलच.

तुमची एक खोड होती. लोक कौतुकानं तिला ‘अण्णांची रीत’ म्हणायचे. मी खोडच म्हणतो. तुम्ही गाणं पुरं करत नव्हता. शेवटचं कडवं आलं की तुणतुणं मांडीवर आडवं टाकायचात, उपरण्यानं तोंड पुसायचात आणि समोर बसलेल्यांना म्हणायचात, ‘माजं सरलं. आता फुडचं तुमी सांगा.’ मग बायकांच्या बाजूला खुसखुस. एखाद्या म्हातारीला कोपरानं ढोसलं जायचं. ती तोंडाला पदर लावून काहीतरी बोलायची, तेही ओळ म्हणून नाही, नुसतं बोलणं. ‘आता काय करती बिचारी, परत गेली असंल.’ तुम्ही डोळे मिटायचात. मी ठेका धरून बसायचो. आणि जरा वेळानं म्हातारीचं तेच बोलणं तुमच्या गळ्यातून कडवं होऊन बाहेर पडायचं. म्हातारी चकित व्हायची. हे आपण बोललो?

इथवर माझी काही तक्रार नाही. हे दुसऱ्या कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. तक्रार पुढच्या वाक्याची आहे. कडवं संपलं की तुम्ही हात जोडून म्हणायचात, ‘ह्या गाण्याचं खरं कडवं आज घावलं. आजपस्तोर त्येच्यासाठीच फिरत हुतो.’

हे प्रत्येक गावात म्हणायचात. तेच वाक्य, तेच हात, आवाजात तोच कंप.

तुमच्या सगळ्या गाण्यांत लोकांच्या जिवाला लागलेलं गाणं मांजरेच्या पुराचं. पंचमीला माहेरी निघालेली बहीण नदीच्या अलीकडच्या थडीला येऊन थांबलीय. भाऊ तिला न्यायला गाडी जुंपून पलीकडच्या थडीला आलाय. मधी पूर. दोघं एकमेकांना बघतात, हाका मारतात, पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

अलीकड मी उभी, पलीकड माझा भाऊ
मधी मांजरा मातली, सांगा कशी जाऊ

इथून पुढं तुम्ही दोन थड्या अशा रंगवायचात की शहाणीसुरती माणसं पाण्याकडं बघितल्यासारखी जमिनीकडं बघायची. आणि मग, भेट होते की नाही ते न सांगता, तुणतुणं मांडीवर.

मुडबीवरून मांजरा वाहतसुद्धा नाही. तरी मुडबीच्या एका म्हातारीनं तुम्हाला शेवट दिला, आणि चांगला दिला. भाऊ चोळीचं गाठोडं पलीकडून फेकतो, ते मधेच पडतं.

पडलं पाण्यात गाठुडं, बहीण हसून म्हणाली
पहिली चोळी मांजरेला, तिची पंचमी झाली

मला हे कडवं आवडतं. ऐकताना माझा ठेका दरवेळी जरा हळू व्हायचा, तुम्ही मान न वळवता खाकरायचात. पण आदल्याच दिवशी औरादजवळच्या गावात लोकांना भेट घडायला हवी होती.

उतरलं पाणी सांजंला, भाऊ थडीला आला
चिखल भरल्या हातानं पदर बहिणीचा धरिला

तिथंही हात जोडून तेच वाक्य. मुडबीहून परत येताना जीपमध्ये मी न राहवून बोललो.

‘अण्णा, काल औरादकडंबी खरं कडवं घावलं म्हणलात की.’

‘म्हणलो असंल.’

‘मग आज मुडबीला कामून म्हणलात?’

‘काल तिकडं हुतो. आज हिकडं हाय.’

‘माज्या धंद्यात एका पोत्याची दोन वजनं निघाली तर काटा बदलतेत.’

‘तुज्या धंद्यात पोतं बोलत न्हाई, मुनीम,’ तुम्ही म्हणालात. जीपवाला इतका हसला की गाडी बाजूच्या तुरीत गेली. त्याला हसायला काय जातंय? निस्तरायला मी आहे.

आणि देणारा कोण, हेही तुम्ही बघत नव्हता. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गायला गेलो होतो. शेवटाला त्यांचाच एक माणूस उभा राहिला, म्हणाला, साहेबांनी नाव पाठवली आणि बहीण पार झाली असं घाला. मला वाटलं, आता अण्णा ह्याची जिरवणार. तुम्ही डोळे मिटलेत आणि त्या नावेचं कडवं केलंत. चांगलं केलंत, हे त्याहून वाईट. वर हात जोडून, ‘खरं कडवं आज घावलं.’ मी तिथल्या तिथं ढोलकी पिशवीत घातली आणि एसटी धरून घरी आलो. पुढं बरेच दिवस बोललो नाही. मग एके दुपारी तुम्ही आमच्या दुकानात येऊन तुरीच्या पोत्यावर बसलात.

‘मुनीम, माजं तोंड बगायचं न्हाई का आता?’

‘त्या नावेला तुमी खरं म्हणलात.’

‘त्यानं दिलं, मी घेतलं. देणाऱ्याचा हात बगून घ्यायचं असतं व्हय?’

‘व्हय. बगायला पायजे. मुडबीची म्हातारी आन् त्यो चमचा एका तराजूत घालता तुमी?’

तुम्ही पोत्यातली तूर मुठीत घेतलीत, परत सोडलीत. ‘चहा सांग,’ म्हणालात. हे भांडण मी जिंकलेलं आहे, अण्णा. फक्त ते कबूल करायला तुम्ही थांबला नाहीत.

आता जे लिहितोय ते मी आमच्या घरातही कधी मोकळेपणी बोललो नाही. माझ्या आईची एक बाजू गेली होती. वाचाही गेली होती. तोंडातून आवाज निघायचा, शब्द नाही. तिला भरवणारी माझी बायको बाकी सगळं ओळखायची, पण त्या आवाजाचा अर्थ तिलाही लागत नसे. धाकट्या मुलीच्या बारशाला तुम्ही आमच्याकडं गायला आलात. घर भरलेलं. आईला उशा लावून स्वयंपाकघराच्या दारात बसवलं होतं. तुम्ही पुराचं गाणं धरलंत आणि शेवटाला तुणतुणं मांडीवर टाकून सगळ्यांना ओलांडून थेट तिच्याकडं वळलात.

‘आई, फुडचं तुमी सांगा.’

सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. हजार माणसांत विचारायला हीच सापडली? आई तोंड हलवत राहिली. बराच वेळ. घशातून काहीतरी येत राहिलं. ते काय होतं हे त्या घरात कुणालाही कळलं नाही. तुम्ही मात्र मान डोलवत ऐकत होता, जसं मुडबीच्या म्हातारीचं ऐकलंत. मग डोळे मिटलेत.

भाऊ म्हणे, ओरडू नको, पाणी बोल खाई
हात वर कर नुसता, मला कळतंय बाई

आईनं तिचा चालता हात वर केला. तो वरच ठेवला. माझ्या बायकोनं शेवटी तो धरून खाली घेतला. आणि तुम्ही तेच वाक्य म्हणालात. त्यानंतर आई होती तोवर घरात कुणीही पाय ठेवला की ती हात वर करायची. लोकांना वाटायचं, आशीर्वाद देतीय. ती गाणं पुरं करत होती.

तुम्हाला फाट्यावर सोडायला आलो तेव्हा मी विचारलं, ‘आई काय म्हणली ते तुमाला कळलं?’

‘एक अक्षर न्हाई.’

‘मग कामून खोटं बोललात तिच्यासंगं?’

‘त्येनी एवढं कष्टानं कायतरी दिलं, मुनीम. मोकळ्या हातानं उठू व्हय?’

मी चिडलेलो होतो. आजारी माणसाशी खेळ करू नये, असं काहीतरी बोललो. तुमची गाडी आली, तुम्ही चढलात. दुसरं जे म्हणायचं होतं ते त्या चिडण्यात राहून गेलं, आणि पुढं दर वेळी काही ना काही नवं भांडण निघालंच. तुम्ही ते निघेल अशीच व्यवस्था ठेवली होती. तर म्हणजे मुडबी, औराद, तो चमचा आणि आमचं घर. सगळ्यांना एकाच माणसानं एकच वचन दिलेलं. बाकीच्यांना हे माहीत नाही. मला माहीत आहे आणि तरी माझ्या आईचं कडवं खोटं आहे असं मला म्हणवत नाही. एवढी अडचण तुम्ही माझी करून ठेवली.

बीदरच्या दवाखान्यात तुम्ही निजून होता तेव्हा मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. खुर्ची उशाशी ओढली.

‘अण्णा, एकदा सांगून टाका. गाणं पयल्यांदा रचलं तवा तुमच्या मनात शेवट काय हुता?’

तुम्ही वर बघत राहिलात. ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला.

‘मुनीम, त्यो पंखा आवाज करायलाय बग.’

मी काही बोलणार तेवढ्यात नर्सबाई आल्या. हुमनाबादकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. तुमच्या अंगात एकदम जीव आला. दमलेल्या आवाजात तुम्ही त्यांना गाणं म्हणून दाखवलंत, मधी मधी कानडीत अर्थ सांगितलात, आणि शेवटाला थांबून कानडीतच विचारलंत, पुढं तू सांग, बाळ. दंडाला पट्टा बांधता बांधता त्या म्हणाल्या, काय करणार, दोघांनीही भाकरी बांधून आणली असेल. सणाच्या दिवशी उपाशी कशाला राहतील, आपापल्या थडीला बसून समोरासमोर जेवले असतील. तुम्ही डोळे मिटलेत. कानडीत कडवं झालं. हात जोडायला हात मोकळा नव्हता, सुई लावलेली होती, म्हणून नुसती मान लववलीत. आणि तेच वाक्य, कानडीत. नर्सबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी खुर्ची मागं सरकवून बाहेर जाऊन उभा राहिलो. आपलं बोलणं तेवढंच झालं, अण्णा. पंख्यापाशी थांबलेलं.

तेराव्याला त्या बाई आल्या होत्या. अक्कांचा हात धरून सांगत होत्या, अण्णांना आयुष्यभर न सापडलेलं कडवं माझ्या तोंडून सापडलं. शेजारी मुडबीच्या बायका बसल्या होत्या. त्यांना कानडी उत्तम कळते. मी घाईघाईनं पत्रावळी मांडायला घेतल्या.

त्याच दिवशी सविता माझ्याकडं आली. तुमची लेक भालकीला शाळेत शिकवते, तुमच्यासारखी नाही, ठरवलेलं काम ठरवल्या वेळी करते. ती म्हणाली, ‘काका, अप्पांचं पुराचं गाणं रेकॉर्ड करून घेऊ, मी म्हणते. मागं झील धरणाऱ्या दोन्ही काकांचा दम संपत चाललाय. आता नाही केलं तर कधीच नाही होणार. पण एकच शेवट ठरवा. तुम्हाला सगळे पाठ आहेत, आणि तुमचं लोक ऐकतील.’

लोक ऐकतील! बातमी पसरली आणि दुसऱ्या आठवड्यात मुडबीची जीप आमच्या दुकानापुढं उभी. भीमरावकाका आणि त्यांच्यासोबत तीन-चार जण. भीमरावकाका तिथले जुने शेतकरी, तुमचे दोस्त, बोलायला लागले की पाखरं उडतात.

‘मुनीम, आमी ते कडवं देवळाच्या भिंतीवर रंगवून घेतलाव. ऑइल पेंटनं. खाली अण्णाचं नाव. आता रेकॉर्डात औरादवाल्यांचं घातलास, तर आमी काय भिंत खरवडायची का?’

‘काका, औरादवालेबी हेच म्हणायलेत. त्यांच्या पोरी पंचमीला त्येच्यावर फेर धरतेत.’

‘धरू दे की. फेर काय, कशावरबी धरता येतो. पर अण्णा आमाला सोता म्हणले, खरं कडवं आज घावलं. हात जोडून म्हणले. तू बाजूलाच हुतास. हुतास का न्हाई?’

‘हुतो.’

‘मग? अण्णा खोटं बोलले म्हणायचंय का तुला?’

दुकानातले हमालसुद्धा पोती ठेवून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. काय सांगू? हो म्हणालो तर तुम्ही गेल्यावर तुम्हाला खोटं पाडणारा मी. नाही म्हणालो तर संध्याकाळी औरादवाले दारात. ‘बगू,’ म्हणालो. आयुष्यात मी कुणाला ‘बगू’ म्हणून वाटेला लावलेलं नाही. ती तुमची सवय.

शेवटी अक्कांकडं गेलो. मला एक आशा होती. अक्कांचं माहेर नदीपलीकडचं, आणि आमच्या पार्टीत सगळे धरून चालायचे की गाण्यातली बहीण म्हणजे अक्काच. तेव्हा घडलं ते त्यांना विचारायचं आणि तेच शेवटाला घालायचं. कुणाला तोंड उघडायला जागा नको. अक्का अंगणात सुपात डाळ निवडत बसल्या होत्या.

‘अक्का, गाण्यातली बहीण तुमीच न्हवं? पुढं काय झालं हुतं?’

त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘मला भाऊ कुठाय रे?’

मी तिथंच खाली बसलो.

‘आमी सगळ्या बहिणीच. इतकी वर्सं माज्या हातचं जेवलास, एवढं म्हाईत न्हाई तुला?’

‘मग ही गोष्ट कुणाची?’

‘कुणाची न्हाई. पूर आल्ता, ह्यांची जीप थडीला आडकली. पाणी उतरायची वाट बगत बसले आन् रचलं. घरी आल्ते तवा म्हणले, लई भूक लागल्ती.’

भूक म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच नर्सबाईंचं जेवण आलं. म्हणजे मूळ शेवट तोच तर नसेल? मी ते बोललो. अक्कांनी कपाळाला हात लावला.

‘तुला एक धरल्याबिगर चैन पडत न्हाई का रे?’

‘रेकॉर्डात एकच बसणार, अक्का. सविता म्हणायलीय, तुमी ठरवा.’

‘मग ठरव. ह्यांनी जल्मात काय ठरवलं न्हाई. समद्यांच्या तोंडावर ग्वाड बोलून मोकळे झाले. आता कुणीतरी वंगाळ व्हायला पायजे का न्हाई?’ आणि सूप उचलून पाखडायला लागल्या. त्यांचे डोळे भरलेले होते की डाळीची धूळ गेली होती, मी विचारलं नाही.

वंगाळ व्हायची तयारी मी केली, अण्णा. सविताला फोन करून सांगितलं, मुडबीचं घाल. पाचांतलं रचना म्हणून तेच सरस आहे, आणि निवड करायची तर कसाला लावून करावी. औरादवाल्यांना मी स्वतः जाऊन सांगणार होतो. काय सांगायचं ते आरशापुढं म्हणूनही बघितलं. ‘बायांनो, अण्णा तुमाला बरं वाटावं म्हणून तसं बोलले हुते.’ दोन-तीनदा म्हणून बघितलं. पलीकडच्या खोलीत आईचा फोटो आहे. हेच वाक्य तिकडं तोंड करून म्हणता येतं का, तेही एकदा बघितलं. नाही आलं.

बीदरला रेकॉर्डिंगच्या खोलीत सगळ्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. झील धरणारे दोघे खुर्चीवर बसायला तयार नव्हते, त्यांना सतरंजी आणून दिली. सुरू करायच्या आधी मी सविताला बाजूला घेतलं.

‘शेवटच्या आधीच्या कडव्यापस्तोर म्हण. मग थांब. मी एका कडव्याएवढा नुसता ठेका धरतो. त्यावर कुणीच बोलायचं नाही. ठेका संपला की ध्रुपद उचल.’

ती माझ्याकडं बघतच राहिली. ‘काका, हे तुम्ही सांगताय?’

‘मीच सांगायलोय.’

मशीनवाला मुलगा काचेमागून म्हणाला, ‘तिथं जागा मोकळी राहील.’

‘मोकळी नाही,’ मी म्हणालो, ‘मोजलेली आहे.’

एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. तुमचं बरोबर होतं म्हणून मी हे केलेलं नाही. त्या चमच्याची नाव अजूनही माझ्या घशात अडकलेली आहे आणि ती जागा ठेवली म्हणजे उद्या तोही तिथं आपली नाव घालणार. मला ते दिसतंय. दुसरा रस्ता तुम्ही ठेवला नव्हता, म्हणून केलं.

सविता बरी गायली. तुमच्यापेक्षा सुरात आहे, तुमच्याइतकी बेफिकीर नाही. दोन्ही थड्या उभ्या केल्या आणि थांबली. मग माझा ठेका एकटाच चालला. एवढी वर्षं त्या जागेला मी तुमच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत वाजवलं होतं, ते उघडले की कडवं आलं असं समजायचं. आता कुठं बघायचं? मी गादीच्या भिंतीकडं बघत वाजवलं. दोन्ही म्हाताऱ्यांनी डोळे मिटले होते आणि दोघांचेही ओठ हलत होते, वेगवेगळे. माझ्या मनात त्या वेळी कुठलं कडवं चाललं होतं ते इथं लिहीत नाही. तेवढ्यापुरता मात्र तुमच्यावर राग नव्हता. ध्रुपद आलं आणि परत आला.

सवितानं गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसतोय तोवर भीमरावकाकांचा फोन.

‘मुनीम! शेवटाला नुसती ढोलकीच वाजायलीय की! आमचं कडवं कुठाय?’

‘ती जागा तुमची, काका. गाणं लावा, आन् ढोलकी आली की म्हणा.’

‘आमी म्हणायचं?’

‘मग कोण?’

तिकडं बरीच कुजबुज झाली. देवळापुढंच बसले असावेत, लेकरांचा आणि शेळ्यांचा आवाज येत होता. गाणं लावलं. सविताचा आवाज, पूर, दोन थड्या, मग माझी ढोलकी. एका म्हातारीनं कापऱ्या आवाजात सुरू केलं, ‘पडलं पाण्यात गाठुडं...’ दोन-चार जणींनी धरलं. छान धरलं. दुसऱ्या ओळीला कुणीतरी ओरडलं.

‘ए, चोळी न्हाई गं! पयलं लुगडं मांजरेला!’

‘भितीवर चोळी हाय की!’

‘भितीवर रंगाऱ्यानं चुकीवलंय. दिलं कुणी हुतं कडवं? माज्या सासूनं! लुगडंच म्हणल्ती ती!’

‘तुजी सासू कधी बोलल्ती गं? ती आमची आत्या बोलल्ती!’

‘गप बसा गं, मुनीम ऐकायलाय!’ भीमरावकाका ओरडले. तोवर ठेका संपून ध्रुपद निघून गेलं होतं. ‘परत लाव रे, परत लाव.’ पुन्हा पहिल्यापासून पूर सुरू झाला.

बायको गरम भाकरी घेऊन आली. ‘कुणाचा फोन हाय?’

‘मुडबीचा.’

‘कोरड्यास गार व्हायलंय. ठेवा की आता.’

‘थांब जरा,’ मी म्हणालो आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘त्यांचं अजून ठरायचंय.’